मागे कोणाचे टाळ पडतात

माझे धाकटे दीर पुण्याहून महागडा हेडफोन घेऊन आले आणि त्या दिवसापासून घरातल्या सगळ्यांचे कान तपासू लागले. तेही मी चालवून घेतलं असतं. पण श्रीरामपुरात आमच्या कॉलनीच्या दत्तमंदिरात दर गुरुवारी भजन असतं. तिथे त्यांनी सगळ्यांसमोर बुवांना सांगितलं, "वहिनींचे टाळ मागे पडतात. माझा कान खोटं सांगत नाही." बुवांनी मला मागच्या रांगेत, टाळ्या वाजवणाऱ्यांत बसवलं. माझे माहेरचे जड, काशाचे टाळ पिशवीतच राहिले.

मी रडत बसले नाही. घरी येऊन काय काय करायचं ते कागदावर मांडलं.

दत्तजयंतीचं भजन माझ्या मोबाईलवर रेकॉर्ड केलेलं होतं. तेव्हा मी आणि भाऊजी दोघंही पुढे बसून टाळ वाजवत होतो. पण माझ्या साध्या इअरफोनवर सगळे टाळ मिळून नुसता छणछणाट. चांगला हेडफोन घ्यायचं मनात होतंच. शनिवारी एसटीने नगर गाठलं.

दुकानदार त्याची गाणी लावायला लागला. म्हटलं, "ती राहू द्या. आमचंच भजन लावा."

आधी भाऊजींकडे आहे तोच हेडफोन मागितला. छणछणाट सुटा झाला. एका बाजूला माझे टाळ, भरदार, पखवाजाच्या थापेबरोबर पडणारे. दुसऱ्या बाजूला पातळ आवाजाचे, दर वेळी किंचित उशिरा येणारे. पातळ पितळी टाळ आमच्या मंडळात एकाच माणसाकडे आहेत.

मग त्याच्या वरचा लावून पाहिला. त्यात ओळ उचलण्याआधी बुवांनी घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. घ्यावासा फार वाटला. दोन्हींच्या किमती कागदावर शेजारी शेजारी लिहिल्या आणि कागद घडी करून पर्समध्ये टाकला.

"कोणता पॅक करू ताई?"

"कोणताच नको. यातला एक घरात आहे. तोच वापरते."

गुरुवारी भाऊजी गळ्यात हेडफोन अडकवून आले. भजन सुरू व्हायच्या आधी मी मोबाईल पुढे केला. "भाऊजी, मला तुमच्यासारखा कान नाही. यात मागे कोण पडतंय, एवढं ऐकून सांगा ना."

त्यांनी हेडफोन कानांवर चढवून डोळे मिटले. मांडीवर बोटं आपटत ऐकलं. "हे जड टाळ ठीक आहेत. पण हे पातळ कोण वाजवतंय? दर समेला मागे! बुवा, याला आधी उठवा."

पखवाजवाले फिसकन हसले. "साहेब, पातळ टाळ तुमचेच हायेत की!"

भाऊजींनी हेडफोन उतरवला. "मोबाईलचं रेकॉर्डिंग असंच येतं हो."

"मग आत्ता वाजवा," बुवा म्हणाले.

ते वाजवू लागले. या वेळी हेडफोनची गरज कोणालाच पडली नाही.

बुवांनी मला हाताने पुढे बोलावलं. मग भाऊजींकडे बघत हळूच विचारलं, "ताई, यांचं काय करायचं?"

राहू द्या, असं म्हणता आलं असतं.

"टाळ्या वाजवायला माणसं कमीच पडतात, बुवा," मी म्हणाले आणि पिशवीची चेन उघडली.

भाऊजी उठून मागे गेले. मला अजूनही जराही वाईट वाटलेलं नाही.