सरकलेली बेंबी

लहानपणी माझं पोट दुखलं की देवळीच्या आमच्या घरात एकच निदान व्हायचं: बेंबी सरकली. मग आई मला नाचणगावला एका आजीबाईंकडे न्यायची. त्या पोटाला तेल चोळायच्या, बेंबीवर छोटी पेटती पणती ठेवून तिच्यावर लोटी पालथी घालायच्या. लोटी पोटाला गच्च चिकटली की सगळे खूश. माझी बेंबी इतक्यांदा सरकली की एव्हाना ती नागपूरला पोचायला हवी होती.

पोट नेमकं केव्हा दुखतं, हे कुणी विचारलंच नाही. बाबा पिऊन यायचे, भांडी फेकायचे, आईवर हात उचलायचे. मी कोपऱ्यात पोट धरून बसायचे. शेजारणी म्हणायच्या, "लय गुणाची पोरगी, कशी चिडीचूप राह्यते!" त्या कौतुकाचा मला आजही राग येतो.

लग्न होऊन वर्ध्याला आले. नवरा शांत, घर शांत, तरी पोट दुखायचंच. झोप उडालेली, चाळिशीच्या आधीच ब्लडप्रेशर. सगळ्या तपासण्या झाल्यावर एका डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी घरात कसं होतं?" मी रडले, तेही भोकाड पसरून. त्यांनी समजावलं: मूल सतत भीतीत वाढलं की त्याचं शरीर कायम सावध राहायला शिकतं. पुढे धोका टळला तरी ते लवकर ऐकत नाही, आणि त्याचा भार पोटावर, झोपेवर, हृदयावर पडत राहतो. "पण शरीर नवंही शिकतं," त्या म्हणाल्या. गोळ्या, समुपदेशन, सकाळचं चालणं असं करत हळूहळू मी झोपू लागले. आता एकच धास्ती उरली होती: हे माझ्या मुलीच्या वाट्याला येऊ नये.

यंदा बुद्धपौर्णिमेला आम्ही मायलेकी देवळीला गेलो. बाबांची दारू सुटली आहे, ओरडणं सुटलेलं नाही. मुलीच्या हातून खिरीची वाटी सांडली आणि ते गरजले. पोरगी पांढरीफटक पडली. हात थेट पोटावर.

"बाबा, आवाज खाली करा," मी म्हणाले.

"मले शिकवून राह्यली तू?"

"हो. शिकवूनच राह्यली."

ते तरातरा अंगणात निघून गेले. आईनं सवयीनं तेलाची वाटी काढली आणि नातीला म्हणाली, "पोट दुखून राह्यलं काय वं बाई? बेंबी सरकली असन."

"आई, बेंबी जाग्यावरच आहे. पोरगी भेली."

आई वाटी हातात धरूनच माझ्याकडे वळली. म्हणाली, "म्हणजे तुयं पोट बी भेवानंच दुखत होतं?"

"हो," मी म्हणाले.

तिनं वाटी खाली ठेवली, पदर खोचला आणि अंगणात गेली. जन्मभर खालमानेनं वावरलेल्या त्या बाईचा चढा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला. "या घरात लेकरावर ओरडाचं नाई आता. एक लेकरू भेवात वाढलं, तेवढं पुरे झालं. समजलं काय?"

मग बाबांचा बारीक आवाज आला, "बरं."

मला टाळ्या पिटाव्याशा वाटल्या, आणि पिटल्याच मी. मग मुलगीही पिटू लागली, माझ्यापेक्षा जोरात.