रहेमतबीचं वरचं केळं

चौसाळ्याच्या स्टँडसमोर माझं ब्लाउज शिवायचं दुकान आहे आणि दुकानाच्या पायरीला लागूनच रहेमतबीचा केळीचा गाडा. माझी जीभ तिखट, हे साऱ्या गावाला माहीत आहे. तिची गोड. त्यामुळे गिऱ्हाईक तिच्याशी चार शब्द बोलतं आणि माझ्याकडं नजर गेली की गप्प बसतं. तिची एक सवय मात्र सगळ्यांना पाठ होती. डझनभर केळी पिशवीत गेली की फणीतलं आणखी एक तोडून ती वर टाकायची. मग समोर रोजचा माणूस असो की एस.टी.तून उतरलेला परका. मी म्हणायची, "बाई, धंदा करतीस का खैरात वाटतीस?" ती म्हणायची, "आक्का, वरचं दिल्याबिगर बरकत न्हाई. आमचे अब्बा असंच विकायचे."

तिचा नवरा मतीन ट्रकचा मिस्त्री होता. काविळीनं गेला, तेव्हा त्यांची आफ्रीन चार वर्षांची होती आणि तिनं तोवर एकदाही 'अम्मी' म्हटलं नव्हतं. डब्याचं झाकण फरशीवर गरगर फिरवत बसायची. ट्रकचा हॉर्न वाजला की दोन्ही हात कानावर. खायचं ते फक्त भात, दूध आणि केळं. ईदला मी हौसेनं बांगड्या भरल्या, तर तिनं त्या पायरीवर आपटून फोडल्या. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू? पण रहेमतबी निमूट काचा वेचत राहिली आणि माझा राग माझ्यापाशीच राहिला.

धागेदोरे झाले, कुठल्याशा वैद्याचं चाटण झालं. शेवटी बीडच्या दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं की ही स्वमग्नता आहे, हा आजार नव्हे, आणि औषधानं जायचं हे काम नाही. मी सोबत होते. रहेमतबीनं एवढंच विचारलं, "माज्यामागं हिचं कसं व्हायचं?" डॉक्टरांनी एका शाळेचा पत्ता लिहून दिला.

शाळा आमच्याच गावात निघाली, हायवेच्या पलीकडं, बंद पडलेल्या जिनिंगच्या शेडमध्ये. गाव तिला येड्यांची शाळा म्हणतं. माझ्यासमोर म्हणत नाही. तिथल्या धनश्रीबाई माजलगावच्या. वयानं माझ्या सुनेएवढ्या, पण आवाज चढवलेला मी कधी ऐकला नाही. त्यांनी भिंतीवर चित्रं लावली होती. आधी चप्पल काढायची, मग दप्तर ठेवायचं, मग हात धुवायचे, असं सगळं ओळीनं. आफ्रीनला बोलून सांगितलेलं वाऱ्यावर जायचं. चित्रात दाखवलेलं पक्कं बसायचं. वेणी घालायला ती तिथं शिकली. तहान लागली की पेल्याचं चित्र आणून हातात द्यायला शिकली. त्या दिवशी रहेमतबीनं गाड्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून सांगितलं की आज माझ्या लेकीनं पाणी मागितलं.

पोरीला अठरावं लागलं आणि घोर सुरू झाला. अठरा पुरी झाली की शाळा सुटणार. त्यातच रहेमतबीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. नोट डोळ्याला लावून बघायची. ऑपरेशनला बीडला जायचं तर पोरीला कुठं ठेवायचं? तिचा दीर मुस्तकीम माजलगावला गॅरेज चालवतो. माणूस वाईट नाही, भावजयीला सणासुदीला विसरत नाही. पण त्याच्या डोक्यात एक खूळ होतं. त्यांचं आपसातलं बोलणं दखनीत चालतं, मी माझ्या भाषेत सांगते.

"भाभी, तुमी ऑपरेशनला जावा, आफ्रीनला आमच्याकडं सोडा," तो म्हणाला. "आष्टीचं एक ठिकाण हाय. बायको वारलीय त्याची. निकाह झाला की पोरगी सुधरती. लई ठिकाणी बघितलंय मी."

लग्नानं सुधारलेलं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. माझ्या घरातच एक नमुना आहे, पण ते जाऊ द्या. तो गेल्यावर रहेमतबी मला म्हणाली, "आक्का, पोरीला माजलगावला धाडली तर ती आष्टीलाच जाणार. ती नको म्हणणार कशी? तिला तोंड कुठाय?" आणि तिनं ऑपरेशन पुढं ढकललं. डोळे जाऊ द्यायला बाई तयार होती.

तेव्हा धनश्रीबाईंनी सुचवलं की आफ्रीनला केळी विकायला शिकवू. ती गाड्यावर उभी राहू शकली, तर कुणाच्या दारात तिला सोडायची वेळ येणार नाही. शाळेत त्यांनी एक फळी तयार केली, तिच्यावर बारा रकाने आखले. एकेका रकान्यात एकेक केळं ठेवायचं. रकाने भरले की सगळी पिशवीत घालायची, पिशवी द्यायची आणि पैशाच्या डब्यावर हात ठेवायचा. डब्यावर पन्नासच्या नोटेचं चित्र. मोड लागली तर गिऱ्हाइकानं माझ्या दुकानात यायचं. केळी सुटी सुटी होणार म्हणून मी कुरकुरले, पण पोरगी महिनाभरात तयार झाली.

बाजाराच्या दिवशी रहेमतबीनं तिला गाड्यावर उभं केलं. पहिलं गिऱ्हाईक बिभीषण. हा शेळ्या राखतो आणि दर बाजारी डझनभर केळी नेतो. आफ्रीननं फळी मांडली, बारा केळी पिशवीत घातली, पिशवी त्याच्या हातात दिली. बिभीषण तसाच उभा. वरच्या केळ्याची वाट बघत होता बिचारा. ती देईना, तेव्हा त्यानं सवयीनं स्वतःच फणीला हात घालून एक तोडलं आणि पिशवीत टाकलं.

पोरगी अशी किंचाळली की माझी सुई बोटात गेली. तिनं पिशवी हिसकावली, सगळी केळी फळीवर ओतली, परत बारा मांडली. रहेमतबीनं समजावत तेरावं पुढं केलं, तर आफ्रीन स्वतःच्या मनगटाला चावायला लागली. बाजार गोळा झाला. कुणी म्हणालं, "कावून आणती गं असल्या पोरीला बाजारात?" मी कात्री घेऊनच बाहेर आले, तशी गर्दी पांगली. रहेमतबी लेकीला ओढणीत गुंडाळून गाड्याखाली बसून होती. "झालं आक्का," ती म्हणाली. "आता मुस्तकीमभाईला फोन लावते."

"लाव," मी म्हटलं, "पण आधी त्या बाईला विचारू."

धनश्रीबाई संध्याकाळी आल्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण रहेमतबी, डझनाला तेरा देता, हे मला आधी का नाही सांगितलंत?"

"तेरा कुठं देते बाई? बाराच देते."

"आणि ते वरचं?"

"वरचं कुठं मोजतात का?"

मीही बघतच राहिले. इतकी वर्षं मी तिला त्या केळ्यावरून टोचत होते, पण बाईंना सांगायचं माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. आमच्या बाजारात वरचं मोजत नाहीत. मोजलं तर त्याची बरकत जाते. आणि आफ्रीनच्या जगात जे फळीवर नाही ते नाहीच.

मला वाटलं, बाई आता म्हणतील की बाराच द्या, तेरावं बंद करा. त्या तसं म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "वरचं बंद केलं तर चालेल?" रहेमतबीनं नाही म्हणून मान हलवली. तेव्हा त्यांनी फळी घरी नेली आणि दुसऱ्या दिवशी बाराव्याच्या पुढं, थोडी जागा सोडून, आणखी एक रकाना रंगवून आणला. हिरवा. बारा पिशवीत घालायची, मग हिरव्या रकान्यातलं उचलून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचं. मग डबा.

पण हात घालणारं गिऱ्हाईक पाहिजे ना सरावाला! मी बिभीषणला धरून शाळेत नेलं. तो शेळ्या फाटकाबाहेर बांधायचा आणि आत येऊन तीच केळी पुन्हा पुन्हा विकत घ्यायचा. सुरुवातीला आफ्रीन हिरव्या रकान्याकडं बघायचीसुद्धा नाही. बिभीषण रोज येत राहिला. "आक्का, एवढी केळी तर माज्या बापजन्मात घेतली न्हाईत," तो म्हणायचा. "आन खायला एक बी न्हाई." एके दिवशी आफ्रीननं हिरव्यातलं केळं उचलून त्याच्या तळहातावर ठेवलं. ते त्यानं तिथंच सोलून खाल्लं. तेवढं मी त्याला माफ केलं.

पण शाळा वेगळी आणि बाजार वेगळा. शाळेच्या शेवटच्या दिवशीही रहेमतबीचा धीर होत नव्हता. शेवटी मीच भांडले. म्हटलं, "तू आंधळी झालीस तर दोघींना सांभाळायला मला लावशील. एका दिवसाचं काम हाय, जा. पोरगी माझ्यापाशी राहील." ती गेली. आफ्रीन रात्री माझ्याकडं दूधभात खाऊन झोपली. सकाळी स्वतःच वेणी घातली, फळी काखेत मारली आणि माझ्या आधी गाड्यावर जाऊन उभी राहिली.

त्या दिवशी मी एकही ब्लाउज धड शिवला नाही. सगळं लक्ष बाहेर. आजूबाजूला ट्रकचे हॉर्न वाजत होते. आफ्रीन कान झाकायची, थांबायची, परत फळीकडं वळायची. गिऱ्हाइकं कुरकुरत का होईना थांबत होती. बारा, हिरवं, डबा. बारा, हिरवं, डबा.

दुपारी मुस्तकीम गाडी घेऊन आला. बीडला ऑपरेशन झाल्याचं त्याला कुणीतरी कळवलं होतं. "रुक्मिणीबाई, पोरगी एकटी रस्त्यावर? शोभतं का हे? घेऊन जातो मी तिला."

"तिची माय येईपर्यंत पोरीला हात लावायचा न्हाई," मी म्हटलं. "बसायचं तर हितं स्टुलावर बसा. न्हाईतर स्टँड समोरच हाय."

तो बसला. चहा मागवला नाही मी. माझ्या दारातून गाडा चांगला दिसतो. तो सारखा घड्याळ बघत होता. मग घड्याळ बघायचं थांबला.

उन्हं कलताना दवाखान्याची जीप आली. काळा चष्मा लावून रहेमतबी चाचपडत उतरली आणि तशीच थेट गाड्याच्या मागं, तिच्या रोजच्या जागेवर जायला निघाली. आफ्रीननं तिला अडवलं. हाताला धरून समोर आणलं, गिऱ्हाईक उभं राहतं तिथं उभं केलं. मग ती मागं गेली आणि तिनं फळी मांडली.

"अगं, मी हाय," रहेमतबी म्हणाली. आफ्रीननं मान वर केली नाही. बारा केळी लावली, पिशवीत घातली, पिशवी आईच्या हातात दिली. हिरव्या रकान्यातलं केळं उचललं, आईचा तळहात उघडला, त्यावर ते ठेवलं. आणि डब्यावर हात ठेवून उभी राहिली.

रहेमतबीनं बटव्यातून चाचपून नोट काढली आणि डब्यात टाकली. ते वरचं केळं छातीशी धरलं आणि रडायला लागली. जन्मभर दुसऱ्यांच्या पिशवीत टाकत आली, तिला कधी कुणी वरचं दिलं नव्हतं. मलाही रडू आलं, म्हणून मी ओरडले, "ए बाई! डोळ्याला पाणी लावू नको म्हणलंय ना डॉक्टरनं!"

"मला बी गिऱ्हाईकच समजली की गं आक्का," ती म्हणाली. हसत होती की रडत होती, ते चष्म्यामुळे कळत नव्हतं. "आता माज्याबिगर जमतंय हिला."

मी वळून पाहिलं, तर स्टूल रिकामं. वाटलं, हा गेला गाडी आणायला, आणि मी कात्री उचलली. पण मुस्तकीम गाड्याकडं गेला होता. रहेमतबीच्या मागं बिभीषण उभा होता आणि बिभीषणच्या मागं, हातात पन्नासची नोट धरून, तो.