गोळीले टोक कायले?

रायफलच्या गोळ्या आम्हाला मोजून मिळायच्या, किस्से मात्र न मोजता जमले. सत्तरच्या दशकात साकोलीजवळ आमच्या ग्रामरक्षक दलाला नेमबाजी शिकवायला फौजेतून निवृत्त झालेले एक हवालदार यायचे. त्यांना सगळे उस्ताद म्हणायचे. मी एरवी शाळामास्तर, रविवारी त्यांचा विद्यार्थी.

पहिल्याच रविवारी त्यांनी दोन गोळ्या दाखवल्या. एक जुन्या काळातली, अंगठ्यासारख्या बोथट नाकाची. दुसरी टोकदार.

"नवी बारूद आली, गोळीची स्पीड वाढली. मंग बोथट नाकाले हवा अडवाले लागली. म्हणून टोक काढलं. आता दूर जाते, सरळ जाते."

मी विचारलं, "म्हणजे टोक माणसात घुसण्यासाठी नाही?"

"मास्तर, घुसाले बोथटबी घुसते. टोक हवेसाठी हाये."



तळ्यात डोंग्यातून, म्हणजे छोट्या होडीतून, मासे धरणाऱ्या सदाशिवला मात्र हे लगेच पटलं. "डोंग्यासारखंच हाये. पण डोंग्याले मांगूनबी टोक रायते. गोळीले काहून नाही?"

"गोळीले मांगून बारूद ढकलते. तुह्या डोंग्याले कोण ढकलते?"

"बायको," सदाशिव म्हणाला.

एकदा भंडाऱ्याहून साहेब तपासणीला आले. त्यांनी रांगेतून नेमका आमचा गणपत निवडला. "गोळीला टोक कशासाठी असतं?"

"उलटी भरू नये म्हणून, साहेब."

उस्तादांनी डोळे मिटले. साहेब त्यांच्याकडे वळून म्हणाले, "छान. असंच शिकवत राहा."

आमचं निशाण तळ्याच्या उंच पाळीला टेकवलेलं असे. गोळ्या पाळीच्या मातीतच रुततात, असा सगळ्यांचा समज. धान कापणीच्या दिवसांत एका रविवारी पाळीपलीकडून एक बाई आल्या. पदराची गाठ सोडून त्यांनी एक टोकदार गोळी उस्तादांपुढे ठेवली.

"तुमची हाये का? आमच्या बैलबंडीच्या चाकात घुसली होती."

उस्तादांचा चेहरा उतरला. "कोणाले लागलं काय, बाई?"

"नाही. नवरा बंडीले टेकून बिडी ओढत होता. कानाजवळून गेली म्हणते."

उस्तादांनी तिथल्या तिथे रायफली खाली ठेवायला लावल्या. बाईंपुढे हात जोडले. "या जागी आता एकबी गोळी सुटणार नाही."

"तवापासून तो खाली वाकून धान कापून राहिला. मान वर केली नाही." बाई जरा थांबल्या. "बंद कराच्या आधी माह्या दिराच्या धानाच्या बांधीकडं एक सोडता काय?"