जेटमागची तीन मिनिटं

व्हर्ना स्टोल्ट्झ म्हणजे आमच्या ओहायोतल्या विमानतळावरची सगळ्यात हट्टी बाई. वर्षानुवर्षं पोरांना विमान शिकवतेय; मी तिच्याच फ्लाइंग स्कूलच्या काउंटरवर बसते. जेट उडालं की त्याच्या पंखांच्या टोकांपासून हवेचे भोवरे मागे सुटतात, ते दिसत नाहीत आणि लहान विमानाला पालथं घालतात, हे तिने मलासुद्धा घोकायला लावलंय. तरुणपणी ती स्वतः मक्याच्या शेतावर अशी कलंडली होती. कशीबशी वाचली.

तिची लेक केल्सी पार्सलची छोटी विमानं उडवायची. या पार्सलवाल्या पोरांची एक खोड आहे. धावपट्टीच्या टोकापर्यंत जायचा कंटाळा, म्हणून अर्ध्यातूनच उड्डाण करायचं. मग जेटने जिथे जमीन सोडली त्याच्याही पुढे हे उठणार, थेट भोवऱ्यात. म्हणून कंट्रोल टॉवर त्यांना तीन मिनिटं थांबवतो. सगळ्यात जड विमानांमागे तो कुणाचं ऐकत नाही. मधल्या आकाराच्या जेटमागे मात्र पायलटला ‘माझ्या जबाबदारीवर जातो’ म्हणता येतं. जो थांबेल त्याला पोरं ‘आजीबाई’ म्हणून चिडवतात.

त्या सकाळी वारा अगदी मंद होता, म्हणजे भोवरे धावपट्टीवरच रेंगाळणार. विद्यार्थ्यांवर लक्ष ठेवायचा रेडिओ काउंटरवर चालू होता. मधल्या आकाराचं एक जेट उडालं आणि अर्ध्या धावपट्टीपाशी उभ्या केल्सीचा आवाज आला, “थांबत नाही. माझ्या जबाबदारीवर जाते.”

व्हर्नाने रेडिओ उचलला. टॉवर आणि पायलटच्या मधे असं बोलायला परवानगी नसते.

“अगं, शाळा गोत्यात येईल!” मी ओरडले.

तिने बटण दाबलं. “केल्सी, आई बोलतेय. थांब.”

अख्ख्या विमानतळाने ऐकलं. कुणीतरी रेडिओवरच खिदळलं, “ऐक गं बाळा आईचं!” केल्सी थांबली. मग उडाली, तेव्हा विमानाला साधा हिसकाही बसला नाही.

संध्याकाळी ती तणतणत आली. “काय होतं तिथे? दाखव ना!”

“दिसलं असतं तर तूच थांबली असतीस.”

“सगळे आता मला बाळ म्हणतात. झालं समाधान?”

महिन्याभरात तिने कॅन्ससला बदली मागून घेतली. रविवारी फोन करते. हवा, कुत्रा, जेवण, बस्स. फोन ठेवला की व्हर्ना मला विचारते, “थांबत असेल का गं ती तिथे?”

“मला काय माहीत? तिलाच विचार की.”

“विचारलं तर हा फोनही बंद होईल.”