यादीत नसलेली भाषा

"मराठी म्हणजे हिंदीच ना?" असं कोणी विचारलं की माझं डोकंच फिरतं. लीड्समधल्या ज्या हॉस्पिटलात मी वॉर्ड क्लार्क आहे, तिथे हे सगळ्यांना पाठ झालंय. म्हणूनच पुढचं सांगायची लाज वाटते.

स्ट्रोक झालेल्या एक नायजेरियन आजी वॉर्डात आल्या. त्यांचं इंग्रजी पुसलं गेलं होतं, घरची भाषा तेवढी उरली होती. फॉर्म भरताना लेकीने सांगितलं, "इक्वेरे." कॉम्प्युटरच्या यादीत ती नव्हती, नायजेरियातलीच मोठी भाषा इग्बो होती. मी फोनवर शोधलं, तर बरेच अभ्यासक तिला इग्बोच्याच गटात धरतात म्हणे.

"मग इग्बो टाकते. एकच की."

"एक नाही," ती म्हणाली. "आमच्यातही काही जण एकच मानतात, वाद जुना आहे. पण आईसमोर इग्बो नको. तिला कळते, पण ती त्यात बोलणार नाही. त्यापेक्षा मला फोन करा."

हो हो म्हणत मी इग्बोवर क्लिक केलं. घाई होती, दुसरं काय.

दुसऱ्या दिवशी फोनवरच्या दुभाष्याने इग्बोत विचारलं, नाव काय, आज वार कोणता. आजींनी तोंड भिंतीकडे फिरवलं. डॉक्टरांनी लिहिलं, बोललेलं समजत नाही. स्ट्रोकनंतरच्या उपचारांसाठी रिहॅबमध्ये जागा मिळायची तर समजतंय हे दिसायला हवं होतं. मला कारण माहीत होतं. पण चूक माझीच, आपणहून कशाला सांगा, म्हणून मी दोन दिवस गप्प बसले.

तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. "लेकीला फोन लावून बघायचं का?" असं सहज सुचल्यासारखं डॉक्टरांना म्हटलं. स्पीकरवर लेकीचा आवाज आला आणि आजी अडखळत का होईना, उत्तरं देऊ लागल्या. तोवर रिकामी झालेली जागा दुसऱ्या पेशंटला गेली होती. आजींना आणखी दहा दिवस तिथेच पडून राहावं लागलं.

जायच्या दिवशी लेकीने बिस्किटांचा डबा माझ्या हातात ठेवला. "तुम्हाला सुचलं म्हणून झालं," म्हणाली. आता खरं सांगून टाकावं म्हणून मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात व्हीलचेअरमधून आजींनी काहीतरी विचारलं.

"आई विचारतेय, तुमची भाषा कोणती?"

"मराठी."

आजींनी तो शब्द हळूहळू म्हणून पाहिला. शेवटचं अक्षर जमेना, म्हणून माझ्या ओठांकडे बघत पुन्हा म्हटला, पुन्हा म्हटला, अगदी बरोबर येईपर्यंत. आणि मी काहीच न सांगता त्यांना जाऊ दिलं.