भंडारा उचलून दिलेलं मत

आमची पेठ साताऱ्याच्या वेशीबाहेर, कोरेगावच्या रस्त्याला. घरटी एक माणूस पलटणीत, म्हणून गावातले लोक तिला पेन्शनरांची पेठ म्हणत. त्या काळी मत सगळ्यांना नव्हतं. शेतसारा भरणाऱ्याला होतं, शिकलेल्याला होतं आणि पलटणीतून सुटून आलेल्यालाही होतं. पलटणीतल्या माणसाच्या विधवेला पेन्शन असेल तर तिलाही होतं. त्यामुळे आमच्या शेजारच्या काकीला मत होतं. तिचा नवरा पहिल्या लढाईत गेला होता.

पेठेची एक रीत होती. मतदानाआधी सगळे मतदार भैरोबाच्या देवळात जमायचे आणि पेठेतले सगळ्यांत मोठ्या हुद्द्याचे पेन्शनर असलेले सुभेदार सांगतील त्या नावावर बेलभंडारा उचलायचे. देवापुढचा बेल आणि हळदीचा भंडारा हातात घेऊन शब्द दिला, की विषय संपला. पेठेचं मत एक, याचा आमच्या लोकांना कोण अभिमान!

दुसरी लढाई संपली आणि निवडणूक आली, तेव्हा मी पहिल्या बाळंतपणाला माहेरी होते. सुभेदारांनी सरकारच्या बाजूच्या एका रावबहादुराचं नाव सांगितलं. "सरकारचं मीठ खाल्लंय आपुन," एवढंच म्हणाले. सगळ्यांनी मुकाट्याने भंडारा उचलला. माझ्या वडलांनी उचलला आणि काकीनेही. तिचा एकुलता एक मुलगा बेचाळीसपासून भूमिगत होता, त्याच्यावर वॉरंट होतं. 

मोजणी झाली. आमच्या केंद्रातून रावबहादुराला मतं पडली दोन, बाकीची सगळी भूमिगत पोरांच्या बाजूच्या उमेदवाराला. एक सुभेदारांचं, हे उघडच होतं. दुसरं कुणाचं?

पेठेतला जो तो म्हणू लागला, "दुसरं मत माझं." पारावर म्हणाले, न्हाव्याकडे म्हणाले. वडील तर मिशीला पीळ देत म्हणाले. घरात मात्र त्यांनी आईला सांगून टाकलं होतं, "पडद्याआड गेलो आन् ती पोरं डोळ्यांफुडं आली गं. आपल्याच चुलीवरची भाकर खाऊन रानात पळालेली." देवाची भीती मात्र सगळ्यांना होती. माणसं एकेकटी, इकडेतिकडे बघत देवळात नारळ ठेवून येत. गुरवाच्या घरी महिनाभर खोबऱ्याची चटणी चालली होती म्हणे. चोर सगळेच, पण एकमेकांच्या तोंडाकडे बघायची चोरी.

एकटी काकी काहीच बोलली नाही. मग काय, लोकांना पाहिजे होतं ते सापडलं. हिचाच पोरगा भूमिगत, हिनेच भंडारा मोडला, हिनेच बायाबापड्यांचे कान फुंकले. जत्रेला सगळ्यांचा नैवेद्य देवापुढे गेला, काकीचं ताट सुभेदारांनी दारातूनच परत पाठवलं. वडील तिथेच उभे होते. ती पुरणपोळी घेऊन माघारी आली आणि आमच्या गाईपुढे ठेवली.

त्याच दिवशी गोठ्यात ती आईला म्हणाली, "आक्का, भंडारा उचलला हुता न्हवं मी? मग चिठ्ठी दुसरीकडं कशी टाकू? पोटच्या पोराच्या इरुद्ध टाकली गं. हे त्येला कळलं तर जीव दीन मी." मी ओट्यावर बाळाला पाजत होते, मलाही ऐकू आलं. आईने रात्री वडलांना सांगितलं. वडील भरल्या ताटावरून उठले. पण सकाळी उठून सुभेदारांकडे काही गेले नाहीत. मला त्यांचा संताप आला आणि मीही गप्प बसले, कारण बाप खोटा आहे हे पेठेत कोणत्या तोंडाने सांगणार?

पुढे वॉरंटं उठली आणि काकीचा मुलगा घरी आला. वारा फिरला तशी पेठही फिरली. सुभेदारांनी स्वतः त्याला देवळापुढे हार घातला. वडलांच्या मनात ते परत गेलेलं ताट सलत असावं. काकीचा मान तिला परत मिळावा म्हणून ते एकदम पुढे झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "गड्या, तुज्या आईनं अख्ख्या पेठंची बोलनी खाल्ली, पन मत तुमास्नीच दिलं!"

टाळ्या पडल्या. मुलाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्याने वाकून आईच्या पायांवर डोकं ठेवलं. काकीने पाय मागे ओढले, तर लोकांना तो तिचा विनय वाटला. आई, वडील आणि मी, आम्ही तिघं खाली मान घालून उभे होतो.

दिवेलागणीला ती आमच्या दारात आली. वडील उठून उभे राहिले.

"बसा, वैनी."

ती बसली नाही. "भावजी, देवानं माजा निवद घेतला न्हाई, त्ये सोसलं म्या. म्या खरी हाय ह्ये देवाला ठावं हुतं," ती म्हणाली. "आता तुमच्या खोट्या बोलापायी पोरगं रोज माज्या पाया पडनार. तवा माज्या जागी तुमी येऊन उभं ऱ्हानार हाय का?"

 ती निघून गेली. पलीकडच्या घरातून मुलगा तिला जेवायला हाका मारत होता, आणि ती बराच वेळ अंगणातच उभी होती.