लोणावळ्यासाठी लावलेला कौल

चहा घ्या, आणि माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. आमच्या मेव्हण्याकडून ऐकलीत तर तो तिला मीठमसाला लावतो, आणि खरं सांगायचं तर तिला त्याची गरज नाही.

मी मोजणी खात्यात होतो. तीस वर्षं साखळी घेऊन अर्धा जिल्हा पालथा घातला, शेतांचे नकाशे काढले. पेन्शनीत निघालो आणि घरात एकच प्रश्न उभा राहिला. आता राहायचं कुठं? सरकारी खोल्या तर सोडायच्याच होत्या.

माझं ठरलेलं होतं. लोणावळा. स्टेशनापाशी दोन खोल्या बघूनसुद्धा ठेवल्या होत्या. हवा थंड, डॉक्टर हाकेच्या अंतरावर, सकाळच्या गाडीनं वर्तमानपत्र येतं आणि संध्याकाळी पत्ते खेळायला माझ्यासारखेच पेन्शनर. माणसाला आणखी काय लागतं हो?

आमच्या हिला तिकोणा पेठ लागत होती. तिचं माहेर. कामशेतला उतरायचं आणि पुढं बैलगाडीत हाडं खिळखिळी करत जायचं. तिचा भाऊ जागा द्यायला तयार होता, गोठ्याला लागूनच. मी म्हणालो, म्हातारपणी मला म्हशींबरोबर पत्ते खेळायला जमणार नाही.

शेवटी तोड तिनंच काढली. माहेरच्या भैरोबाला कौल लावू, तो सांगेल तिथं राहू. मी लगेच हो म्हणालो. इतक्या पटकन, की तिला संशय यायला हवा होता.

कौलाची रीत तशी सोपी. गुरव देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या बोटानं एकेक कळी चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवी कळी आधी पडली तर देव हो म्हणाला, डावी पडली तर नाही. आमचा प्रश्न होता, लोणावळ्याला राहावं का? म्हणजे मला फक्त उजवी कळी लवकर पाडायची होती.

आता काय सांगू तुम्हाला, वय झालं की अक्कल येते हे खोटं आहे. आम्ही पेठेत मुक्कामाला गेलो. सकाळी गुरव पाण्याला गेलेला पाहून मी दर्शनाच्या निमित्तानं गाभाऱ्यात शिरलो. सोबत वाटीत तूप. देवासमोर उभा राहिलो, हात जोडले, आधीच माफी मागून घेतली आणि उजव्या खांद्याला बोटभर तूप चोळलं. शेंदराच्या चकाकीत ते कुणाला दिसणार? काम चोख झालं. मोजणी खात्याचा माणूस अंदाजपंचे काही करत नाही.

तासाभरानं निम्मं गाव देवळात जमलं. ही डोळे मिटून बसलेली. गुरवआबांनी कळ्या लावल्या, गाऱ्हाणं सुरू केलं, आणि ते संपायच्या आतच तूप लावलेल्या खांद्यावरची कळी घसरून खाली आली. मी सुटकेचा श्वास सोडला. मनातल्या मनात पत्ते पिसायलाही घेतले.

"न्हाई म्हंतोय द्येव," गुरवआबा म्हणाले.

"अहो आबा, उजवी पडली की! सगळ्यांनी पाहिलं."

"तुमची उजवी, साहेब. द्येवाची डावी. द्येव तुमच्याकडं त्वांड करून बसलाय न्हवं?"

मी पाहिलं. बसलाच होता. तीस वर्षं मी लोकांना बांधाची डावी-उजवी बाजू समजावून सांगत आलो होतो.

पुन्हा कौल लावा म्हणालो, तर आबा शांतपणे म्हणाले, "द्येव काय मामलेदार हाय व्हय, फिरून अर्ज कराया?" तूप लावल्याचं कबूल केलं असतं तर कौल रद्द झाला असता, पण सासुरवाडीत माझी अब्रूही त्याच्याबरोबर गेली असती.

मग गावच पुढं सरसावलं. एकजण घराला सागाचे वासे देतो म्हणाला, दुसऱ्यानं छपराची कौलं कबूल केली. मेव्हणा म्हणाला, "दाजी, द्येवानंच मोजणीवाला ठिवून घ्येतला, आता बांधाची भांडणं मिटली." दुपारच्या आत तिघांनी मला आपापलं शेत मोजायला बोलावलं. मी पेन्शनीत निघालो होतो हे तिथं कुणाच्याच लक्षात राहिलं नव्हतं.

परतताना गाडीत हिनं हळूच विषय काढला.

"एक सांगू? मी सकाळीच ठरवलं होतं. कौल काहीही येवो, तुम्हाला म्हणायचं, आपण लोणावळ्यालाच राहू. जन्मभर उन्हातान्हात पायपीट केलीत, आता तरी तुमच्या मनासारखं व्हावं."

मी एकदम सावरून बसलो. "मग म्हण की."

"आता कसं म्हणू? उजवा पडला असता किंवा देव गप्प राहिला असता तरी चाललं असतं. नाही आला तरी म्हणेन असं वाटलं होतं, पण त्यानं चारचौघांत, गाऱ्हाणं संपायच्या आतच नाही म्हटलंय. त्याचा शब्द मोडायची माझी छाती नाही." मग माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "तुमचं मात्र कौतुक वाटतं हो. दुसरा कुणी असता तर देवाशी भांडला असता."

तुपाचं सांगायला मी तोंड उघडलं होतं. ते तसंच मिटलं.

त्याला आता नऊ वर्षं झाली. पेठेतच राहतो. डॉक्टर कामशेतला, वर्तमानपत्र आलं तर तिसऱ्या दिवशी. गावात माझं नाव भाविक माणूस म्हणून घेतात. ही चारचौघींत सांगते, यांनी देवाच्या एका शब्दावर लोणावळं सोडलं. मी लाजेनं मान खाली घालतो, तर बायका म्हणतात, बघा, मानूस किती साधा.